तीनशे बदकं

अर्धं तळं भराव टाकून बुजवून झालं होतं. उरलेल्या अर्ध्याच्या सुनावणीला निवृत्त मास्तर बावीस वर्षांच्या वह्या घेऊन आले. दर रविवारी दुर्बीण लावून त्यांनी तिथला एकेक पक्षी मोजला होता. गेल्याच आठवड्यात तीनशे बदकं उतरली होती.

साहेबांनी वह्या उघडल्या नाहीत. "मास्तर, तुमची तळमळ कळते मला. पण तज्ज्ञांचा अहवाल म्हणतो, इथे आता एकही पक्षी येत नाही. तो खोटा आहे, एवढं तुम्ही लिहून द्या. काम आजच थांबवतो, आणि सही करणाऱ्याला घरी बसवतो."

मास्तरांनी चष्मा लावून अहवालाचं शेवटचं पान पाहिलं. सही त्यांच्या मुलीची होती. नवी नोकरी लागल्याचं तिने सांगितलं होतं, काम काय ते सांगायचं टाळलं होतं. दहापर्यंत मोजायला ती याच तळ्यावर शिकली होती, बगळ्यांकडे बोट दाखवत.

"काय मास्तर, लिहून देताय ना?"

 

"नको साहेब. माझीच मोजणी चुकली असेल," मास्तर म्हणाले आणि एकेक वही पिशवीत भरू लागले.