मोकळं परस

काकू परसाच्या कडेला उभ्या होत्या आणि काही केल्या आत पाऊल टाकत नव्हत्या.

परस साफ झालं होतं. नदीच्या दोन्ही बाजूंच्या सरकारांनी आणि लांबच्या दोन देशांनी मिळून धाडलेलं पथक उन्हाळाभर इथे गुडघ्यांवर बसून माती खरवडत होतं. लढाईत पेरलेले सुरुंग त्यांनी एकूण एक काढले होते. जमीन परत देताना मालकाच्या डोळ्यांदेखत तिच्यावरून चालून दाखवायचं, हा त्यांचा रिवाज. त्याप्रमाणे पथकातली माणसं हातात हात घालून या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली आणि परत आली. चेहरे इतके गंभीर, की बघणाऱ्याला हसू यावं.

"झालं, काकू," पथकाच्या प्रमुख बाई म्हणाल्या. "आता तुम्ही."

"बूट बघा तुमचे केवढाले. ते घालून मीसुद्धा नाचेन."

रस्त्यावर ट्रक उभा होता. त्यात निर्वासितांच्या छावणीतला सगळा संसार होता, गाद्या, भांडी, शिलाई मशीन. दोन्ही लेकरांना कुशीत धरून सून वरच बसली होती. तिने आधीच सांगून टाकलं होतं, आई आत गेल्या तरच सामान उतरेल, नाहीतर आल्या वाटेने छावणीत. ज्या परसाने सासरे नेले, तिथे ती पोरं खेळायला कशी सोडणार? तिचं काही चुकत नव्हतं. मुलगा बिचारा एकदा आईकडे बघायचा, एकदा बायकोकडे.

"पेरले कुणी, ते तरी कळू द्या," काकू म्हणाल्या.

पथकातून एक टकला, पन्नाशीचा माणूस पुढे आला. नदीपलीकडचा. भाषा तीच, हेल तेवढा वेगळा.

"मी पेरले. म्हणून तर मला बोलावून घेतलं. कुठे कुठे आहेत, ते मलाच ठाऊक होतं."

मुलगा पुढे झाला. काकूंनी त्याचा दंड धरला. त्यांना काही प्रेमाचं भरतं आलं नव्हतं, छातीत जाळ उठला होता. पण इतकी वर्षं ज्याला तळतळाट दिले, तो असा दमलेला, उन्हाने नाक सोललेला निघेल, असं त्यांना वाटलं नव्हतं.

"बूट काढ," त्या म्हणाल्या.

त्याने बूट काढले. मोजेही काढले.

"चल आता. मी मागून येते. काय व्हायचं ते दोघांचं होईल."

तो निघाला. काकूंनी चपला काढल्या आणि त्याच्या पावलांवर पाय देत त्या चालू लागल्या. माती तळव्यांना लागली आणि त्यांना बोलल्याशिवाय राहवेना.

"इथे कपड्यांची दोरी होती. ह्यांचे सदरे वाऱ्याने असे फुगायचे, वाटायचं आत माणूस आहे. ते तिकडे कोंबड्यांचं खुराडं. आणि इथे आम्ही जावा-जावा शेंगा सोलायचो. तुमच्याकडची एक यायची होडीने, गप्पिष्ट मेली. दिवस मावळला तरी उठायची नाही. किती हसायचो रे आम्ही."

त्याने बाहीने डोळे पुसले. कोपऱ्याजवळ तो थांबला. इथला एक आधीच फुटलेला होता.

"इथेच ना?"

"इथेच."

काकूंनी वाकून तिथल्या मातीला हात लावला.

"चल पुढे," काकू म्हणाल्या.

तो भिंतीकडे वळला.

"अरे, थांब! तिथे पाय देऊ नकोस."

त्याचा पाय हवेतच राहिला. पथकाच्या बाईंचा चेहरा पांढरा पडला. ट्रकमध्ये सुनेने लेकरं घट्ट आवळली.

"पुदिन्याचा वाफा आहे तिथे," काकू म्हणाल्या. "तुडवशील."

तिथे नुसती उघडी माती होती. सुनेला आधी हुंदका आला की हसू, तिचं तिलाच कळलं नाही. तिने खाली उतरून पहिली गादी ओढली.

तो अजून एका पायावर उभा होता.

"कुठवर आहे वाफा?" त्याने विचारलं.

"थेट भिंतीपर्यंत. जरा वळसा घालून ये."

त्याने पाय मागे घेतला आणि वळसा घातला.