तळ्याची ओटी

२०६१ साली तळं पुन्हा पोहायला खुलं झालं. पाण्यात वाढवलेलं शेवाळ घाण खायचं आणि विष लागलं की लाल व्हायचं. मग काठाचं फाटक आपोआप बंद होई.

लहानपणी इथंच पोहलेल्या ऐंशीच्या हेमलताबाई पदर खोचून उभ्या होत्या. सून केतकीनं आधी तळ्याची ओटी भरली. हळदकुंकू पडताच शेवाळ लाल झालं, फाटक मिटलं.

“आई, माझ्यामुळं झालं!”

शेवाळवाला इम्तियाज पाणी तपासून म्हणाला, “हळद पचलीय, काकू. कुंकवाचा बाजारू रंग नाही पचला.”

“मलाही त्याची खाज सुटते,” हेमलताबाई हसल्या. “माझी आई हळदीला चुना लावून कुंकू करायची. तसंच करू.”

महिन्यानं शेवाळ पुन्हा हिरवं झालं. नव्या कुंकवानं ओटी भरली, फाटक उघडंच राहिलं.

इम्तियाज आता दरवर्षी ओटीचा नारळ आणतो. हेमलताबाई सात वर्षं पोहल्या, आणि पाण्याला घाबरणाऱ्या केतकीला पोहायला शिकवूनच गेल्या.