हरकत

ती गेली हे तिच्या गटाला कळलं, ते तिने हरकत घेतली नाही म्हणून.

पाचवा दिवस होता. दुपारचे साडेतीन झाले होते. टेबलावरचा तिचा लॅपटॉप वाजत होता, थांबत होता, पुन्हा वाजत होता. शेवटी पेंटरने उठून तो उघडला. आयुष्यभर पाट्या रंगवल्या म्हणून त्याला सगळे पेंटर म्हणत. तीही म्हणायची.

पडद्यावर चष्मा लावलेला एक माणूस होता. "ताई? अहो, आहात कुठे?"

"मी तिचा नवरा. ती गेली. रविवारी."

तो माणूस हळूच म्हणाला, "तरीच."

"तरीच म्हणजे?"

"भाऊजी, ताई माझ्याबद्दल बोलल्या असतील. मला कात्री म्हणायच्या."

पेंटरला आठवलं. जेवताना बायको सांगायची, आज कात्रीला गप्प केलं. कॉम्प्युटरवर अक्षरं लिहायचं एक मोफत सॉफ्टवेअर होतं. कुठकुठली माणसं फावल्या वेळात ते बनवायची. कुणीही वापरा, कुणीही सुधारा. कामं वाटून घ्यायला त्यांचे लहान लहान गट होते आणि त्यातला एक बायकोचा. कात्री या सगळ्या गटांचा समन्वयक. बायकोचा गट नेमकं काय करतो, हे पेंटरने कधी विचारलं नव्हतं. तिचा विरंगुळा आहे, एवढंच त्याला माहीत.

"आमच्यात मतदान नसतं," कात्री म्हणाला. "प्रस्ताव मांडायचा आणि तीन दिवस थांबायचं. कुणी हरकत घेतली नाही तर मंजूर. गप्प बसला तो कबूल. ज्या गटाने आपला हेतू लिहून दिला नाही तो बंद करायचा, असा नियम आहे. ताईंनी कधीच लिहून दिला नाही. चार वर्षं मी दरवर्षी प्रस्ताव मांडतो आणि तासाभरात ताईंची हरकत येते. या वेळी तिसरा दिवस संपत आला तरी शब्द नाही. आज चार वाजता गट बंद होतो. मी जिंकलो म्हणायचं. पण ताई आणि गप्प? जिवाला घोर लागला, म्हणून फोन केला."

पाच दिवसांत बरेच जण भेटून गेले होते. तिच्या गप्प बसण्याने घाबरलेला हा पहिलाच.

"एक ओळ लिहायला काय झालं होतं तिला?"

"मीही तेच विचारायचो. म्हणायच्या, गट एका माणसासाठी काढलाय. त्याला कळता कामा नये. कळलं की त्याचा हात पुन्हा अडखळेल."

"एका माणसासाठी गट काढतात होय?"

"मीही हसलो होतो. पण त्यांनी अकरा जण कामाला जुंपले. आज हजारो लोक ती सोय वापरतात. हेतूचा रकाना मात्र कोराच."

घड्याळात पावणेचार झाले होते.

"हरकत मी घेतली तर चालेल?" पेंटरने विचारलं.

"कुणीही घेऊ शकतं. फक्त लिहावी लागते."

"मग लिहितो की! हात थरथरायला लागला आणि ब्रश सुटला, पण कीबोर्डवर माझा हात अजून सरळ चालतो. पाट्यांची अक्षरं मीच जुळवतो लॅपटॉपवर."

त्याने तिची खुर्ची पुढे ओढली आणि एकेक कळ शोधून दाबली. पडद्यावर उमटलं: हहहररककतत.

त्याने पुसलं. श्वास रोखून पुन्हा लिहिलं. या वेळी जास्तच बिघडलं.

"हिचा लॅपटॉप बिघडलाय," तो ओशाळून म्हणाला. "माझ्या लॅपटॉपवर असं होत नाही."

कात्रीने चष्मा काढला. पुसला. परत लावला.

"भाऊजी, लॅपटॉप चांगला आहे. थरथरत्या हाताने कळ दोनदा-तीनदा दाबली गेली तरी अक्षर एकदाच उमटावं, ही ताईंच्या गटाची सोय. त्यांना स्वतःला ती लागत नव्हती. म्हणून या लॅपटॉपवर ती बंद आहे."

पेंटरने आपल्या हाताकडे पाहिलं. चार वर्षांपूर्वी तिने त्याचा लॅपटॉप दोन दिवस मागून घेतला होता. परत दिला तेव्हा अक्षरं सरळ येऊ लागली. "अगं, हात सुधारला माझा!" तो ओरडला होता. "सुधारणारच," ती पोळी उलटत म्हणाली होती, "डॉक्टरचं औषध लागू पडलं." पुढे वर्षभर तो त्या डॉक्टरचे गोडवे गात फिरला. ती मान डोलवायची.

"चारला पाच कमी आहेत, भाऊजी."

"नीट लिहू द्या. माझा लॅपटॉप आणतो."

"नको. आहे तशीच पाठवा. इतकी खरी हरकत आमच्याकडे कधी आली नाही."

पेंटरने पाठवली. कात्रीने लगेच खाली लिहिलं, हरकत मान्य, गट चालू. मग म्हणाला, "हेतू आता तुम्हीच लिहा. वर्ष आहे हातात. घाई नाही."

संध्याकाळी पेंटरने स्वतःचा लॅपटॉप उघडला. त्या अकरा जणांना त्याने एकेक पत्र लिहिलं. त्यांचे आभार मानले. बारावं कात्रीला. एकही अक्षर दोनदा उमटलं नाही.

मग तो त्या डॉक्टरलाही लिहायला बसला होता, सवयीने. तेव्हा त्याला रडू आलं.

हेतूचा रकाना अजून कोरा आहे. आणि तिचे आभार मानायचे राहिले आहेत.