निरभ्र आकाश, बंद घुमट

उपग्रहाचा संदेश आला तेव्हा नुकतंच अंधारलं होतं. अवकाशात कुठेतरी गॅमा किरणांचा स्फोट झाला होता. स्फोटामागे उरलेली चमक तासाभरात विझणार होती. अकरा वर्षं याचीच वाट पाहणाऱ्या निरीक्षक बाई दुर्बिणीच्या घुमटाकडे धावल्या. दाराला कुलूप होतं, एकुलती एक किल्ली संचालक साहेबांच्या खिशात आणि साहेब मेजवानीला. ते दोन तासांनी आले, तोवर दुर्बिणीला दिसायला काही उरलं नव्हतं. “तोंड काय पाडता? जगभरच्या वेधशाळांना कळवून टाका, ढग होते.” “ढग कुठून आणू, साहेब? तुमच्या खिशातून?” “बाई, जपून बोला.” बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी ठोकून ठोकून अहवाल टाइप केला: आकाश निरभ्र, दुर्बीण ठणठणीत, घुमटाला कुलूप, किल्ली संचालकांच्या खिशात. साहेब वाकून वाचेपर्यंत तो रवानाही झाला. मग बाईंनी हात पुढे केला. “किल्ली.”