तालमीतल्या टाळ्या

"घेतलं तुम्हाला. सोमवारी सकाळी सातला गेटवर या."

सुरवाडे हसत बाकावर परत आले. नऊ वर्षांच्या बेकारीनंतर ते सरकारी योजनेच्या वर्गाला येत होते. तिथे रोज मुलाखतीची तालीम व्हायची. शिकवणाऱ्या बाईच साहेब व्हायच्या, शेवटी सगळ्यांनाच नोकरीवर घ्यायच्या आणि वर्ग टाळ्या वाजवायचा. काल तेवढे सुरवाडे आले नव्हते. आज साहेबाच्या खुर्चीत बाईंऐवजी कुणी नवाच माणूस होता.

पण टाळ्या वाजेनात. शेजारचे दुसाने मान खाली घालून बसलेले.

"बाई, माझं काही चुकलं का?"

"काल सांगितलं ना सगळ्यांना. हे खरे साहेब आहेत, कंपनीचे. जागा एकच होती."

उठावं की बसून राहावं, सुरवाड्यांना कळेना. शेवटी दुसान्यांनीच त्यांची पिशवी उचलून त्यांच्या हातात दिली.