मूळचा सायलेन्सर

अख्ख्या गल्लीने तक्रारीवर सह्या केल्या होत्या. एकट्या तिनेच केली नव्हती. "नवऱ्याविरुद्ध कशी करणार बिचारी," असं म्हणून शेजारच्या काकांनी तिचा नाद सोडला होता. नवऱ्याने हौसेने सायलेन्सर बदलून घेतल्यापासून त्याची स्पोर्ट्‌स कार कोपऱ्यावर वळली, की घराघरांतल्या काचा थरथरायच्या. तिच्या तर उरात धडकीच भरायची.

पण कोपऱ्यापासून दारापर्यंत दीड मिनिट मिळायचं. तेवढ्यात ती आईचा फोन ठेवायची, मोबाइलमधून तो नंबर पुसून टाकायची, लेकीचे रंग पलंगाखाली सारायची आणि लेकीला आतल्या खोलीत घालून बाहेरून कडी लावायची.

आजही ती घरामागे कपडे वाळत घालता घालता आईशी फोनवर बोलत होती, मनातलं सगळं. पण कान कोपऱ्याकडे लावून. हॉलमध्ये लेक फरशीभर रंग मांडून बसली होती. तेवढ्यात काका हसत हसत कुंपणापाशी आले.

"सुटलीस गं पोरी! काल पोलिसांनी गाडी अडवून आवाज मोजला. मर्यादेच्या कितीतरी वर निघाला. असा दम भरला त्यांनी, की आज तुझा नवरा मुकाट्याने मूळचा सायलेन्सर बसवून आला."

तिच्या हातातला ओला टॉवेल मातीत पडला. "आज?"

"आजच! मघाशीच तर गाडी तुमच्या पुढच्या दारात लागली. बघ, तुलासुद्धा कळलं नाही!"