हौदातलं लग्न

रिसोडच्या दौलतराव देशमुखांनी लेकीचं लग्न गावाबाहेरच्या बागेत, बंगल्यापुढं मांडलं होतं. आईवेगळ्या रुख्मिणीला त्यांच्या बहिणीनं, गोजराबाईनं वाढवलं होतं. पण विधवेला मांडवात जागा कुठली? ती संत्र्यांखालच्या हौदापाशी उभी राहिली. पलीकडचा मांडव पाण्यात लख्ख दिसत होता, म्हणून तिथूनच ती लग्न पाहू लागली.

मंगलाष्टकं चालू होती. साऱ्या वऱ्हाडाची पाठ तिच्याकडं होती.

पाण्यात मात्र साऱ्यांची तोंडं तिच्याकडं वळलेली होती.

भिण्याऐवजी तिला नवलच वाटलं. ती कठड्यावरून वाकली. ओळखीची माणसं, ओळखीचे फेटे. सगळे हसून तिला बोलावत होते. मग पाण्यातल्या रुख्मिणीनं अंतरपाट बाजूला सारला आणि हार घेऊन ती काठाकडं चालत आली.

"अवो माय, तू कायले येतं इकडं?" गोजराबाई कुजबुजली. "मुहूर्त टळून राह्यला ना!"

रुख्मिणीनं हात वर केला. गोजराबाईनंही नकळत हात पुढं केला. पाणी जरासुद्धा हललं नाही, पण तिच्या बोटांना ओली हळद लागली.

तेवढ्यात समोर मांडवात मंगलाष्टकं अर्ध्यावर थांबली आणि दौलतराव ओरडले, "अरे, नवरी कुठी गेली?"